एकास त्रेचाळीस

विजयदुर्गच्या बंदरात 12 फेब्रुवारी 1756 रोजी एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर येऊन पडला. हे जहाज मुळात ईस्ट इंडिया कंपनीचे. आंग्र्यांनी ते काही वर्षांपूर्वी जिंकून आपल्या ताफ्यात घेतले होते. त्याची आग शेजारच्या गुराबांनी, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांनी धरली, गुराबांची गलबतांनी, आणि वाघोटन खाडीच्या तोंडाशी नांगरलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार बघता बघता जळून गेले. समुद्रातून इंग्रज ॲडमिरल वॉटसनचा भडिमार चालू होता, जमिनीवर क्लाइव्हची फौज होती आणि पेशव्यांचे सैन्यही आंग्र्यांच्याच विरोधात उभे होते. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पुढे 1771 साली डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने या लढाईचे तैलचित्र रंगवले. ते आज ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्यूझियममध्ये आहे. विजयदुर्गच्या जहाजांचे हे चित्र जिंकणाऱ्यांच्या बाजूने काढलेले आहे, हे ते पाहताना लक्षात ठेवावे लागते.

त्याच संग्रहालयात आणखी एक ठेवा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांच्या आरमारी खात्याच्या जहाजांच्या मापशीर प्रतिकृती केल्या जात. प्रमाण बहुधा एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे जहाजाच्या एका फुटाला पाव इंच. सांगाड्याच्या फासळ्या दिसाव्यात, मोजता याव्यात म्हणून खालच्या बाजूच्या फळ्या मुद्दामच बसवलेल्या नसत. ती मोठी जहाजे केव्हाच बुडाली, जळाली, मोडीत निघाली. प्रतिकृती मात्र तीनशे वर्षे टिकल्या. सुकाणू कसे होते, तोफांची दारे कुठे होती, नाळेवर कोरीवकाम काय होते, हे आजच्या अभ्यासकाला तिथे डोळ्यांनी पाहता येते.

विजयदुर्गच्या गुराबेबद्दल असे म्हणता येत नाही. गिर्ये गावाजवळ खाडीत मराठ्यांच्या आरमारी गोदीचे अवशेष आहेत, लांबी साडेतीनशे फुटांच्या घरात. एवढी गोदी ज्या जहाजांसाठी बांधली, त्यांतल्या एकाचीही त्या काळी मापाने केलेली प्रतिकृती आपल्याकडे जपलेली नाही. आज कुणी गुराबेची प्रतिकृती करायला बसलाच, तर त्याला परक्यांची वर्णने, परक्यांची चित्रे आणि स्वतःची कल्पना यांवर काम भागवावे लागते.

या पुस्तिकेचा विषय जहाजे नाहीत. मोटारी, बस आणि टॅक्सी आहेत, त्याही टेबलावर मावतील एवढ्या. तरीही सुरुवात विजयदुर्गच्या आगीपासून करावीशी वाटली, कारण मोठी वस्तू नाहीशी झाल्यावर तिची लहान, मापात केलेली आवृत्ती हाती असणे किंवा नसणे याने काय फरक पडतो, हे या बंदराइतके दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसते. आणि आज रस्त्यावरची आपली वाहने त्याच वळणावर आहेत.

2023 सालच्या दोन तारखा पाहाव्यात. 15 सप्टेंबरला मुंबईत बेस्टची शेवटची जुनी, डिझेलवर धावणारी दुमजली बस निवृत्त झाली. मुंबईत दुमजली बस 1937 साली आली होती. विजेवरच्या नव्या वातानुकूलित दुमजली गाड्या आता धावतात, पण मागच्या उघड्या दारातून चढायचा तो लाल डबलडेकर संपला. त्यानंतर दीडच महिन्याने, 30 ऑक्टोबरपासून प्रीमियर पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी रस्त्यावरून कायमची उतरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. एका शहराची ओळख असलेली दोन वाहने एकाच पावसाळ्याच्या अखेरीस गेली. लोकांनी हार घातले, फोटो काढले, डोळे पुसले. त्या गाड्यांची मापे किती जणांनी घेतली, हा प्रश्न या पुस्तिकेमागे आहे.

लहान मोटारींचा छंद ब्रिटनमध्ये रुजला आणि तिथल्या मध्यमवर्गात घराघरांत पसरला. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर फ्रँक हॉर्नबी यांचा मेकॅनोचा कारखाना होता. खेळण्यातल्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला म्हणून 1933 साली तिथे लहान मोटारी निघाल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी हे नाव मिळाले. लंडनच्या लेस्नी कंपनीने 1953 साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या बग्गीची चिमुकली प्रतिकृती काढली, ती दहा लाखांवर खपली. या कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची परवानगी होती, म्हणून त्यांनी तिच्यासाठी पितळेचा इवलासा रोडरोलर केला. मॅचबॉक्स गाड्यांचा जन्म तिथला. 1956 साली मेटॉय कंपनीने कॉर्गी आणली आणि गाड्यांना पारदर्शक खिडक्या बसवल्या. 1979 ते 1983 या चार वर्षांत हे तिन्ही कारखाने एकेक करून कोसळले. छंद त्यानंतर अधिकच वाढला, कारण त्या गाड्यांशी खेळलेली मुले तोवर कमावती झाली होती.

हे प्रेम लहान गाड्यांपुरते थांबले नाही. ब्रिटिश छांदिष्टाच्या कपाटात डिंकी असते आणि गॅरेजमध्ये, परवडत असेल तर, तीच गाडी मोठ्या आकारात असते. 1896 साली मोटारींवरची जाचक बंधने उठली, त्या आनंदात लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या गेल्या होत्या. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ जुन्या मोटारी आजही दर नोव्हेंबरात त्या रस्त्याने जातात. तिथल्या माणसाला जुन्या गाडीचा नटही मूळ मापाचा लागतो. हा हट्ट परक्याला विचित्र वाटेल, पण इतिहास त्या हट्टानेच टिकतो.

यातले काही साचे भारतातही आले. 1960च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला विकले गेले आणि त्यांतून ‘निकी’ नावाने गाड्या निघू लागल्या. रंग जाड, कडा ओबडधोबड, पण साचा लिव्हरपूलचाच. आज परदेशी संग्राहक त्या निकी गाड्या शोधत फिरतात.

आता प्रमाणाबद्दल थोडे, कारण सगळा खेळ त्याचा आहे. या छंदात सर्वांत रुळलेले प्रमाण एकास त्रेचाळीस. आकडा असा विक्षिप्त का, याचे उत्तर पुन्हा आगगाडीत आहे. हॉर्नबीच्या ओ गेजच्या गाड्यांत खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत. फूट म्हणजे 304.8 मिलिमीटर, त्याला सातने भागले की साडेत्रेचाळीस येतात. इंग्रजी फूट आणि फ्रेंच मिलिमीटर यांच्या या संकराने जगभरच्या लहान मोटारींचे माप ठरवून टाकले. जवळपास 3.9 मीटर लांबीची पद्मिनी या प्रमाणात नऊ सेंटीमीटरची होते, तळहातावर बसते. अकरा मीटरची एसटी साडेपंचवीस सेंटीमीटरची होते.

मराठी घरात प्रतिकृतीची पहिली ओळख दिवाळीतल्या किल्ल्याने होते. अंगणात सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग उभा राहतो, परातीत समुद्र होतो आणि तटावर बाजारातून आणलेला मातीचा मावळा ठेवला जातो. तो मावळा बुरुजापेक्षा उंच असतो. मुलांना त्याचे काही वाटत नाही आणि वाटायचे कारणही नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी बैलगाडी आणि फळेही अशीच, नजरेने घडवलेली, रंगाने जिवंत केलेली. ती खेळणी आहेत आणि खेळणी म्हणून थोर आहेत. ज्या दिवशी एखादा मुलगा मावळा आणि बुरूज यांचा हिशेब जुळवायला बसतो, पुठ्ठा घेतो, पट्टी घेतो, त्या दिवशी तो खेळण्याकडून प्रतिकृतीकडे वळतो.

पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी हा हिशेब आयुष्यभर जुळवला. कर्वे रस्त्यालगतचे जोशी रेल्वे म्यूझियम 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याआधी त्यांचा रेल्वेचा देखावा प्रदर्शनांतून मांडला जात असे. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. त्यात सिग्नल नुसते लुकलुकत नाहीत, गाडी येण्याच्या क्रमाने बदलतात, फाटक वेळेवर पडते. रुळांच्या शेजारी शहर आहे, शहरात रस्ते आहेत आणि रस्त्यांवर त्याच मापाच्या मोटारी आहेत. मराठी माणसाने खाजगी छंदातून सार्वजनिक संग्रहालय उभे करावे, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट, म्हणून जोशींचे नाव इथे आदराने घ्यायला हवे.

दुसरे ठिकाण मुंबईत, आणिक आगारात. बेस्टचे संग्रहालय 1984 साली पी. डी. परांजपे यांच्या पुढाकाराने सुरू झाले आणि पुढे आणिकला हलले. 9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, 7 मे 1907 रोजी विजेची, 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली आणि 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. हा सगळा पट या संग्रहालयात तिकिटे, यंत्रे आणि लहान प्रतिकृती यांच्या आधाराने उभा केला आहे. घोड्यांची ट्राम पाहिलेला माणूस आता कुणी नाही. ती कशी होती हे शाळकरी मुलाला दाखवायचे तर त्या प्रतिकृतीपुढेच उभे करावे लागते.

राहता राहिली एसटी, आणि या पुस्तिकेचा जीव तिच्यात आहे.

1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी सुटली. गाडी बेडफर्डची, तीस आसनांची, म्हणजे तिचाही सांगाडा ब्रिटिश. पुढे मद्रासजवळच्या एन्नोर इथल्या अशोक मोटर्सने ब्रिटनच्या लेलँडशी हात मिळवला आणि 1955 साली अशोक लेलँड हे नाव घेतले. टाटांनी 1954 साली डाइमलर-बेंझबरोबर ट्रक काढायला घेतले. एसटीच्या बहुतेक चॅसी याच दोन घरच्या, वरची बॉडी मात्र महामंडळाची स्वतःची. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत ती वर्षानुवर्षे बांधली गेली. नाद लागलेला पोरगा नंबरपट्टी पाहून गाडीचे माहेर सांगतो. एमएच 14 असेल तर दापोडीची, 20 असेल तर चिकलठाण्याची, 40 असेल तर हिंगण्याची. दिल्लीच्या 1982च्या एशियाडसाठी बांधलेल्या गाड्या महाराष्ट्रात आल्या आणि निमआराम गाडीला लोक एशियाडच म्हणू लागले. पुढे हिरवी-पांढरी हिरकणी झाली.

विजयदुर्ग हे एसटीच्या दृष्टीने रस्त्याचे टोक आहे. तळेऱ्याला महामार्ग सोडला की गाडी घाट-वळणांनी खाली उतरत येते आणि किल्ल्याच्या अलीकडे थांबते, पुढे फक्त समुद्र. एवढ्याशा गावाला स्वतःचे आगार आहे. एके काळी इथला चाकरमानी मुंबईला बोटीने जात असे. रोहिणी, चंपावती ही नावे जुन्या माणसांना अजून आठवतात. बोटी बंद झाल्या आणि त्यांचे सगळे ओझे एसटीवर आले. गणपतीची माणसे, आंब्याच्या पेट्या, सुक्या मासळीची गाठोडी, बाळंतिणी, पोस्टाच्या थैल्या, सगळे तिनेच वाहिले. रात्री वस्तीला आलेली गाडी पहाटे निघायची, त्या आवाजावर वाड्यांतल्या चुली पेटत.

अशा गावांतून एसटीच्या प्रतिकृती करणारी मुले तयार झाली, यात नवल नाही. महाराष्ट्रभर ती विखुरलेली आहेत. कुणी चालकाचा मुलगा, कुणी कॉलेजातला, कुणी स्वतः वाहक. बस फॉर अस फाउंडेशनच्या ‘वारी लालपरीची’ या फिरत्या प्रदर्शनात एसटीचा इतिहास एसटीतच मांडून गावोगावी नेला गेला, तेव्हा हा नाद असलेल्यांना आपल्यासारखे आणखी किती आहेत हे कळले. परदेशातल्यासारखा तयार संच त्यांच्याकडे नाही. एकास त्रेचाळीसची लाल एसटी दुकानात मागायची सोय नाही. भारतीय गाड्यांपैकी ॲम्बॅसडर, ऑटोरिक्षा प्लास्टिकमध्ये मिळतात, त्यापुढचे बहुतेक हाताने.

ते हाताचे काम जवळून पाहण्यासारखे असते. सुरुवात मापाने. एसटीच्या नेहमीच्या चॅसीचा व्हीलबेस 222 इंच, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुमारे 5.64 मीटर. एकास चोवीसने करायचे ठरले तर हे अंतर सव्वानऊ इंच भरते. एवढे एक माप पक्के झाले की बाकी सगळे त्याला बांधले जाते. बाजू सनबोर्डच्या, काचा पारदर्शक फाइलच्या, आतल्या दांड्या रिकाम्या रिफिलच्या. जुन्या साध्या गाडीत एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी आसने. ती ओळीने बसवताना मधली वाट बोटभरही उरत नाही. मग टपावरचे कॅरिअर, मागची शिडी, वाहकाच्या घंटीची दोरी, आपत्कालीन दार, खिडकीवर बारीक अक्षरांत महिलांसाठी राखीव. शेवटी पाटी. त्या पाटीवर गावाचे नाव लिहिताना अक्षराचे वळणही रंगाऱ्याचेच यावे लागते, संगणकावरचे तयार अक्षर लावले की गाडी लगेच खोटी दिसते.

पद्मिनीचेही तसेच. नुसती फियाट 1100 परदेशी कंपन्यांनी छान केली आहे, कारण ती मूळची इटलीची. ती मुंबईची टॅक्सी होते टपावरच्या कॅरिअरने, बाहेर डाव्या अंगाला बसवलेल्या लोखंडी मीटरने आणि पिवळ्या टपाच्या नेमक्या छटेने. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती पिढ्यान्‌पिढ्या बनली. तिच्यावर केलेले हे मुंबईकर फेरफार कोणत्याही इटालियन आराखड्यात सापडायचे नाहीत. ते टॅक्सीवाल्याला, गॅरेजवाल्याला ठाऊक, किंवा ज्याने प्रतिकृतीसाठी गाडीभोवती बसून पाहिले त्याला.

जतन करणेही सोपे नाही. युद्धापूर्वीच्या डिंकी गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असत. त्यात शिशाची भेसळ राहिली की धातू आतून तडकत जातो आणि एके दिवशी गाडीचा भुगा होतो. दमट, उबदार हवा हे काम लवकर करते. कोकणात याची धास्ती अधिक, आणि पुठ्ठ्याच्या एसटीला तर जूनपासून बुरशीची भीती. म्हणून इथला संग्राहक पावसाळ्यात प्रतिकृती काचेच्या पेटीत, औषधाच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो आणि दसऱ्याला उन्हात काढतो.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांना या काळज्या नाहीत. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसशी जोडलेली राजाराम महाराजांची मेबॅक जपली गेली, तशा अनेक रोल्स-रॉइस, पॅकार्ड आणि ब्युइक मुंबईच्या जुन्या मोटारींच्या फेऱ्यांमध्ये लखलखत निघतात. त्यांच्या मालकांनी पैसा आणि जीव ओतला, त्याचे मोल आहेच. पण त्या गाड्यांत महाराष्ट्रातली किती माणसे बसली? ज्यांत सगळे बसले, ती वाहने कुणा एकाच्या मालकीची नव्हती, म्हणून ती राखायची जबाबदारीही कुणावर आली नाही. आयुष्य संपले की लिलाव आणि लिलावानंतर भंगार, एवढाच त्यांचा मार्ग. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीची पंधरा वर्षांवरची वाहने मोडीत काढण्याचा केंद्राचा नियम लागू झाला आणि परिवहन महामंडळांच्या बसही त्यात आल्या. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी आणि हवेसाठी तो योग्यच आहे. त्याने जुन्या ॲल्युमिनियम बॉडीच्या गाड्यांची मुदत मात्र ठरून गेली. नव्या बॉडी पोलादी आहेत, त्यांची धाटणी वेगळी आहे.

तेव्हा घाई आहे. या पुस्तिकेतली रेखाटने त्या घाईतून आली आहेत. पद्मिनी टॅक्सी, बेस्टची दुमजली, साधी एसटी आणि हिरकणी अशी चार वाहने निवडली आहेत, प्रत्येकाची समोरून, मागून, दोन्ही अंगांनी आणि वरून दिसणारी बाजू प्रमाणात दिली आहे, म्हणजे वाचकाला पट्टी लावून थेट पुठ्ठा कापता यावा. एसटीच्या भागात पहिले पान चाकांचे किंवा इंजिनाचे नसून खिडकीचे आहे. चॅसीची मापे कंपनीच्या पत्रकांत मिळतात आणि पुढेही मिळतील. खिडकी मात्र कार्यशाळेत घडते. तिची चौकट, सरकणाऱ्या काचेची खाच आणि आडव्या गजांमधले अंतर ही मापे उभ्या गाडीवर टेप लावूनच घ्यावी लागतात, आणि त्यासाठी आगारात त्या जुन्या गाड्या अजून काही दिवस मिळतील.